चकाकी नव्हे, सपाटी

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या गॅरेजांत काय किंवा आणखी कुठल्या तालुक्याच्या गावात काय, उघडलेल्या इंजिनाचं हेड धुऊन पांढरंशुभ्र झालं की काम चोख झालं असं मेकॅनिक आणि गाडीमालक दोघंही धरून चालतात. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ही पावती बऱ्याचदा खोटी असते. बिडाचा ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याच्या टाकीत बुडवला तर ग्रीस, काजळी सुटते आणि बिडाचं काही बिघडत नाही. ॲल्युमिनियमला तीच टाकी मारक ठरते. हवा लागताच हा धातू स्वतःवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर चढवतो आणि त्याच्याच जोरावर टिकतो. कॉस्टिक सोडा आधी तो थर विरघळवतो, मग धातूलाच हात घालतो. टाकी फसफसली की पाहणाऱ्याला वाटतं मळ सुटतोय. सुटत असतो हायड्रोजन, आणि झिजत असतं हेड. बाहेर काढल्यावर त्यावर काळी पूड दिसते, कारण ओतीव ॲल्युमिनियममधलं सिलिकॉन आणि तांबं कॉस्टिकला दाद देत नाही. ती मळ समजून घासली जाते, तीही ग्राइंडरला लावलेल्या खरखरीत चकतीने. अशा चकत्यांत बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचेच कण असतात. ते ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत पोचतात आणि बेअरिंग झिजवतात. म्हणूनच जनरल मोटर्सने गॅस्केटच्या बैठकीवर या चकत्या वापरू नका असं मेकॅनिकांना लेखी कळवलं होतं.

चकाकणाऱ्या इंजिनावर गळती पटकन दिसते, हा युक्तिवाद खरा आहे, पण तो बाहेरच्या अंगापुरता. आत महत्त्व सपाटीला. जुन्या मारुती ८०० चा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. त्यात कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी घातलं की क्षार साचून इंजिन तापतं, हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं. चकाकीपेक्षा मोजमाप मोठं, हे दुसरीकडेही दिसतं: हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहते आहे. तिथेही निर्वात नळ्यांत जाणाऱ्या भागांची चमक कोणी पाहणार नाही, त्यांतून वायू किती सुटतो ते मोजलं जाईल. गॅरेजवाल्याकडे अशी यंत्रं नसतात, पण हेडची सपाटी तपासायला सरळपट्टी आणि फिलर गेज स्वस्तात मिळतं. डिझेल, साबणाचं सौम्य पाणी, नायलॉनचा ब्रश आणि गॅस्केट खरवडायला प्लास्टिकची पट्टी एवढ्यावर धुलाई भागते.

वेळ मात्र जास्त लागतो, आणि नुसत्या वेळाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. काचेच्या बारीक मण्यांचा मारा करणारं यंत्र घेतलं तर चमक लवकर येते, पण एखाद्या भोकात मणी राहून गेला तर बेअरिंगला तोच धोका. वापरलेलं कॉस्टिक, काळं डिझेल टाकायचं कुठे हाही प्रश्न आहेच; नालीत ओतणं हे उत्तर नव्हे. वाकलेलं हेड फेसिंगला दिलं तर पोट सपाट होतं, पण वर कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनात कॅमच्या बैठका वाकड्याच राहतात. फार कापलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि व्हॉल्व्हचं टायमिंग सरकतं. म्हणून कापण्याआधी मोकळा कॅम बैठकांत ठेवून हाताने फिरवून पाहायला हवा. अडकला, तर हेड तापवून सरळ करणारा कारागीर गाठायचा नाहीतर दुसरं हेड घ्यायचं.