चाकांच्या खुर्चीतलं गाणं

'हार्ड रॉक' म्हटलं की आमच्या पिढीचे हात आपोआप कानांवर जातात. तरीही आज मी त्यातल्याच एका, फारशी चर्चा न होणाऱ्या ध्वनिमुद्रिकेविषयी लिहिणार आहे. 'लेड झेपलिन' या ब्रिटिश बँडची १९७६ची 'प्रेझेन्स'.

ऑगस्ट १९७५मध्ये ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर गायक रॉबर्ट प्लँटच्या मोटारीला अपघात झाला. पत्नी गंभीर जखमी, त्याचा स्वतःचा घोटा आणि कोपर मोडलेलं. अमेरिकेचा दौरा रद्द झाला. माझ्यासारख्या बँकेत हयात घालवलेल्या माणसाला पुढचा भाग अधिक बोचतो. ब्रिटनमध्ये तेव्हा कमाईवरच्या प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ८३ टक्के होता. तो टाळण्यासाठी ही मंडळी देशाबाहेर राहत होती. त्यामुळे पाय प्लास्टरमध्ये असूनही प्लँटला घरी राहता येईना. हिशेब चोख जमला. माणूस मात्र बायकामुलांपासून दूर पडला.

नोव्हेंबरात म्युनिकमध्ये एका हॉटेलच्या तळघरातला स्टुडिओ मिळाला. पाठोपाठ 'रोलिंग स्टोन्स'ची पाळी होती. गिटारवादक जिमी पेजने त्यांच्याकडून थोडे दिवस मागून घेतले आणि तीन आठवड्यांच्या आत सात गाणी पुरी केली. प्लँट चाकांच्या खुर्चीत बसून गायला.

याच पेज-प्लँटने १९७२मध्ये मुंबईत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं होतं. इथे मात्र कसलीच सजावट नाही. की-बोर्डसुद्धा नाही. सारी भिस्त गिटार, बास, ड्रम आणि आवाजावर! दहा मिनिटांच्या पहिल्या गाण्याच्या नावात अकिलिस आहे, ज्याचं मर्मस्थान टाचेत होतं तो ग्रीक योद्धा. घोटा मोडलेल्या गायकाच्या तोंडी हे नाव यावं, यातला विनोद कडवटच. पेज गिटारचे थरावर थर चढवतो, जॉन बॉनमचे ड्रम घोड्यासारखे दौडतात. शेवटी 'टी फॉर वन' हा संथ ब्लूज येतो. एकट्या माणसाला वेळ किती जड जातो, हे तो नऊ मिनिटं सांगत राहतो.

दोन्ही देशांत अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला आणि लवकरच मागे पडला. 'स्टेअरवे टू हेवन'सारखं सर्वतोमुखी होणारं गाणं त्यात नव्हतं.

सगळं सुरळीत झालं की कामाला लागू, असं आपण नेहमी म्हणतो. या चौघांनी ती वाट पाहिली नाही. घरातल्या मुलाने हा अल्बम लावलाच, तर 'आवाज कमी कर' म्हणण्याआधी पहिली दहा मिनिटं त्याच्याशेजारी बसून बघा.