व्हीआर हेडसेट घेण्याआधी

तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीसारख्या गावात गेमिंगसाठी व्हीआर हेडसेट घ्यायचा असेल, तर आधी घरातली जागा मोजा. उभ्याने, फिरत खेळायला साधारण ६.५ फूट लांब-रुंद मोकळी फरशी लागते. अंगण ऐसपैस असलं तरी दिवसा ते कामाचं नाही. हेडसेटची भिंगं ऊन एकवटतात आणि आतला पडदा थोड्याच वेळात कायमचा डागाळतो. आपल्या भंडाऱ्याच्या उन्हात तो खिडकीपाशीही उघडा ठेवू नये. अंधारही चालत नाही. हेडसेटवरचे कॅमेरे खोली बघूनच आपली हालचाल ओळखतात, त्यामुळे रात्री वीज गेली की खेळ अडतो.

२०२३ मध्ये आलेला मेटा क्वेस्ट ३ स्वतंत्र चालतो; एका चार्जिंगवर साधारण दोन तास. त्याच वर्षीच्या प्लेस्टेशन व्हीआर २ ला मात्र प्लेस्टेशन ५ किंवा अ‍ॅडॉप्टर जोडलेला गेमिंग पीसी लागतोच, आणि खर्च तिथे फुगतो.

मळमळीचा विचार सगळ्यात महत्त्वाचा. डोळ्यांना आपण पळतोय असं दिसतं, पण कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला काहीच जाणवत नाही; त्यातून चक्कर येते. ओळखीतल्या कुणाचा हेडसेट पंधरा मिनिटं घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. चष्मा असेल तर तो लावूनच बघा.