किटसनची इंजिने : काय उरले आणि का उरले?



आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, वाफेची इतकी इंजिने होती, ती गेली कुठे?" बहुतेकांचे उत्तर एकच आहे : भंगारात. पण काही वाचली. ती कशी वाचली, हे एका कारखान्याच्या उदाहरणावरून पाहू.

इंग्लंडमधील लीड्स शहरात १८३५ च्या सुमारास जेम्स किटसन यांनी भागीदारांसह हा कारखाना काढला. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेसाठी त्यांनी आरंभीच जी इंजिने बनविली, त्यांत 'लायन' आणि 'टायगर' होते. पुढील शंभर वर्षांत सुमारे ५,४०० इंजिने तेथे तयार झाली.

आपल्या महाराष्ट्राशीही या कारखान्याचे नाते आहे. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेची पहिली इंजिने किटसनचीच. अडीच फुटी रूळ हलके होते. म्हणून इंजिनाचे वजन जास्त चाकांवर वाटून एका आसावर पाच टनांचाच भार ठेवला. हीच रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरला पोहोचली.

पुढे वाफ आणि डिझेल दोन्हींवर चालणाऱ्या इंजिनाच्या प्रयोगावर फार पैसा खर्च झाला, पण गिऱ्हाईक मिळाले नाही. मंदीचाही काळ होता. १९३८ मध्ये कारखाना बंद पडला.

आता उरलेल्या इंजिनांकडे वळू. 'लायन' म्हणून जपलेले इंजिन वाचले, कारण रुळांवरून उतरल्यावर त्याला दुसरे काम मिळाले. १८५९ पासून १९२८ पर्यंत ते लिव्हरपूलच्या गोदीत पाणी उपसत होते! आज ते तेथील संग्रहालयात आहे.

आपल्या देशातील 'फेअरी क्वीन' १८५५ चे. हावडा-राणीगंज मार्गावर ते टपालगाड्या ओढत असे. १९०९ मध्ये ते निवृत्त झाले आणि हावड्याला चौथऱ्यावर उभे राहिले. नंतर चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेले. १९७२ मध्ये त्याला राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला आणि १९९७ मध्ये, १४२ वर्षांचे असताना, ते पुन्हा दिल्लीहून अलवरला गाडी घेऊन निघाले. त्याचे जोडीदार 'एक्स्प्रेस' जमालपूरला उभे होते; तेही पेरांबूरच्या कारागिरांनी दुरुस्त करून २०१० मध्ये चालविले.

लक्षात घ्या, 'फेअरी क्वीन' अनेक वर्षे एका प्रशिक्षण शाळेत सांभाळले गेले. त्या काळी त्याची किंमत लोखंडाच्या भावाएवढीच वाटली असेल. तरी कोणी ते विकले नाही.

आपल्या शाळेच्या कोठीतही जुनी पितळी तराजू, प्रयोगशाळेची उपकरणे आणि हजेरीपटांचे गठ्ठे पडून आहेत. जागा हवी म्हणून ते रद्दीत आणि भंगारात काढावेत, अशी सूचना आली आहे. विश्वस्त मंडळाला आणि पालकांना माझी विनंती एवढीच : विकण्याआधी एकदा मुलांकडून त्यांची यादी करून घेऊ या. काय ठेवायचे, ते मग ठरवू. एकदा वितळलेली वस्तू परत मिळत नाही.

– मुख्याध्यापक