नुसत्या प्रवाहावरून दाब कळत नाही



"पंप सेकंदाला ५ लिटर पाणी देतो, मग वावरात दाब किती येईल?" असा प्रश्न आम्हाला नेहमी येतो. उत्तर असे की, प्रवाहावरून दाब निघत नाही. निघतो तो वाटेत खर्च होणारा दाब.

पिपरी मेघेसारख्या वर्ध्याला लागून असलेल्या गावात हे नळावरच समजते. सगळे नळ बंद असले, तर दाब टाकीतल्या पाण्याच्या उंचीइतका. १० मीटर उंचीला सुमारे १ किलो. सकाळी घरोघरी नळ सुटले की पाणी पाइपात धावते, घर्षणात दाब जातो आणि शेवटच्या घरी धार बारीक होते.

आता वावराचा हिशेब मांडू. एक एकर ऊस, पाच फुटी सरी, दोन-दोन फुटांवर ड्रिपर. म्हणजे सुमारे ४,५०० ड्रिपर. प्रत्येकी ताशी ४ लिटर, तर ताशी १८,००० लिटर, सेकंदाला ५ लिटर. विहिरीपासून पाइप ३०० मीटर, चढ ५ मीटर. फिल्टरच्या पुढचे गेज अडीच किलो दाखवते, म्हणजे २५ मीटर.

हेझन व विल्यम्स या अमेरिकन इंजिनियरांच्या सूत्राने, आतून ७५ मि.मी. प्लॅस्टिक पाइपात घर्षणापायी ५.६ मीटर जातात. २५ मधून ५ आणि ५.६ वजा जाता उरले १४.४ मीटर, सुमारे १.४ किलो. ड्रिपला साधारण १ किलो लागतो, काम भागले.

तेच पाणी ६० मि.मी. पाइपातून नेले तर घर्षण १६.६ मीटर. उरले ३.४ मीटर, किलोचा तिसरा हिस्सा. मग शेवटच्या ओळीतला ऊस तहानलेला राहतो आणि दोष पंपाला लागतो!

लक्षात ठेवा: लांबी दुप्पट, तर घर्षण दुप्पट; प्रवाह दुप्पट, तर साडेतीन पटींहून जास्त; व्यास निम्मा, तर सुमारे २९ पट.

दुकानात पाइपाचा बाहेरचा व्यास सांगतात, हिशेबाला आतला घ्यावा. बेंड-व्हॉल्व्हसाठी घर्षणात दहावा हिस्सा वाढवावा. बारीक पाइप आधीच पुरला असेल, तर एकराचे दोन भाग करून पाळीपाळीने पाणी द्यावे. प्रवाह निम्मा झाला की ६० च्या पाइपातही घर्षण ५ मीटरच्या आत येते. वेळ दुप्पट लागेल खरा, पण पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचेल.

पाइप घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्या, एवढेच आमचे सांगणे.