रोजच्या जेवणाची मुंबई

मुंबईत कमी पैशांत पोटभर आणि चवीचं जेवायचं असेल तर पाटी, सजावट, रांग यांतलं काहीही बघण्याआधी एक प्रश्न विचारावा : इथे रोज कोण जेवतं? हौसेने एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकाला छान दिसणारं दुकान पुरतं. महिन्याचे पंचवीस दिवस येणाऱ्या माणसाला मात्र जड तेल, कालची आमटी आणि गुपचूप लहान झालेली वाटी लगेच कळते. या शहरातल्या खानावळी, बोर्डिंगं आणि इराणी कॅफे टिकले ते अशा रोजच्या माणसाच्या जिवावर, आणि म्हणून ते त्याच्याच वाटेवर आहेत : गिरणीच्या फाटकाशी, स्टेशनच्या जिन्याजवळ, बाजाराच्या पहिल्या मजल्यावर, चाळीच्या तळमजल्याच्या खोलीत. बाहेरच्यांना ते सहसा दिसत नाहीत, कारण बाहेरच्यांना दिसण्याची त्यांना गरजच पडली नाही.

भाव दर वर्षी बदलतात, म्हणून आकडे देत बसत नाही. इथे उल्लेख केलेल्या बहुतेक ठिकाणी दोन माणसं पाचशेच्या नोटेत, फार तर थोडी भर घालून, जेवून उठतात.

सुरुवात लालबाग-परळपासूनच करायला हवी. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेला गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून यायचा. एका खोलीत पाळीपाळीने माणसं झोपायची. दिवसपाळीचा कामावर गेला की रात्रपाळीवरून आलेला त्याच जागी अंग टाकायचा. स्वयंपाकाला ना जागा, ना वेळ. शेजारची एखादी बाई, बहुधा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा, अशा वीस-पंचवीस जणांना दोन वेळचं जेवण घालायची. पैसे मिळायचे पगार झाल्यावर. तोवर तांदूळ, डाळ, रॉकेल सगळं उधारीवर. वाण्याने नाही म्हटलं की सावकाराकडे, चढ्या व्याजाने. कोणी गावी गेला तर त्या दिवसांचा खाडा धरायचा, रविवारी मटण किंवा मासळी करायची आणि पगाराच्या दिवशी वहीतला हिशेब चुकता करून घ्यायचा. असा तो धंदा होता.

गोवा मुक्तिसंग्रामात लढलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. तारण ठेवायला काहीही नसलेल्या या बायका गटागटाने एकमेकींना जामीन राहिल्या आणि कर्ज फेडत गेल्या. पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईच्या खाण्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने नामांकित शेफांच्या आधी त्यांचं नाव घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. हे शहर ज्यांच्या श्रमावर उभं राहिलं, त्या माणसांना या बायकांनी जेवू घातलं, आणि त्यांतल्या फार थोड्यांच्या दारावर कधी पाटी लागली.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर असा मागे घेतलाच गेला नाही. गिऱ्हाईक मात्र हळूहळू गावाकडे गेलं आणि खानावळवाल्यांची उधारी त्याच्याबरोबर गेली. ज्या तगल्या त्यांतल्या कित्येकींनी डबे सुरू केले, पोळी-भाजी केंद्रं काढली. आज कमला मिल आणि फिनिक्स मिलच्या आवारात महागडी रेस्टॉरंट आहेत. तिथल्या काचेच्या इमारतींमधले सुरक्षारक्षक, सफाईची माणसं, सामान पोचवणारी पोरं दुपारी जेवतात ती करी रोड, डिलाईल रोड आणि लालबागच्या गल्ल्यांत. गिरणी गेली, पण दुपारची भूक तिथेच आहे. साडेबाराच्या सुमाराला या गल्ल्यांतून चालत जावं आणि गणवेशातली माणसं जिथे वळतील तिथे आपणही वळावं. दुसरा पत्ता लागत नाही.

इथे काय खावं ते चूल कुठल्या गावची आहे त्यावर ठरतं. कोकणातली बाई असेल तर भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, बांगड्याचं तिखलं, कुरकुरीत मांदेली आणि शेवटी सोलकढी. घाटावरची असेल तर कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा, सुकं आणि ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी. दोन्ही एकाच पाटीवर लिहिलेलं दिसलं तर मी सहसा पुढे जातो. मासे खायचे तर काळवेळही बघायला हवी. किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या पापलेटाचा आग्रह धरणाऱ्याला बर्फातलंच मिळणार. जाणत्या खानावळीत तेव्हा सुकटीची चटणी, सोड्याची खिचडी, सुक्या बोंबलाचं कालवण होतं आणि ते त्या मोसमातलं सगळ्यात चांगलं जेवण असतं. पुढे श्रावणात अनेक मालवणी खानावळींची गर्दी ओसरते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, की बांगड्याचे आणि कोळंबीचे दिवस येतात.

माटुंग्याची गोष्ट वेगळी, पण मुळाशी तीच. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरल्यावर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वस्त्या वसवल्या. तिथे दक्षिणेकडून आलेले कारकून, टंकलेखक, शिक्षक स्थिरावले. सडाफटिंग पोरांना भात-सार हवं होतं, आणि ते द्यायला उडुपीकडची माणसं आली. ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनबाहेर, बाजाराच्या पहिल्या मजल्यावर आहे. खाली भाजी आणि फुलांचा गलका, आणि जिना चढला की केळीचं पान. गल्ल्यावर कूपन घ्यायचं, नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं, मग पानावर भाजी, कूटू, सांबार, रसम, भात, ताक असं एकामागून एक येत राहतं. वाढपी पुन्हा पुन्हा फिरतात आणि तुम्ही किती खाल्लंत याकडे कोणी डोळे लावून बसत नाही. स्वयंपाकघर बघायचं असेल तर ते बघू देतात. ही एवढी एक गोष्ट मला त्यांच्या स्वच्छतेच्या कुठल्याही प्रमाणपत्राहून मोठी वाटते. रसम नुसतं प्यायला मागावं. भाताआधी एक वाटी, भातावर एक.

किंग्ज सर्कलजवळच्या कॅफे मद्रासबाहेर हल्ली रविवारी रस्ताभर माणसं उभी असतात, त्यामुळे त्याला आडवाटेचं म्हणता येणार नाही. पण मधल्या वारी सकाळी सातला गेलात तर शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्र वाचणारे जुने माटुंगाकर भेटतात आणि रसमवडाही निवांत खाता येतो. स्टेशनाजवळच्या रामाश्रयमध्येही सकाळचीच वेळ गाठावी.

अशी जुनी ठिकाणं इतक्या वर्षांनीही परवडतात ती कशी, याचं उत्तर स्वयंपाकघराइतकंच भाडेपावतीत आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला, तरी जुन्या पगडीच्या जागांचं भाडं बाजारभावाच्या जवळपासही पोचलेलं नाही. चौकातल्या मोक्याच्या गाळ्याचं भाडं नाममात्र आहे म्हणून चहा, इडली, राईस प्लेट साध्या माणसाच्या आवाक्यात राहिली. घरमालकांवर यात अन्याय झाला हे खरंच आहे, आणि दुरुस्तीअभावी कित्येक इमारती मोडकळीला आल्या. पुनर्विकास त्यामुळे टळत नाही. पण इमारत पाडली की खानावळवाल्याला चार-सहा वर्षं दुसरीकडे जावं लागतं, रोजचं गिऱ्हाईक दुसरी सवय लावून घेतं, आणि नवीन टॉवरमध्ये गाळा मिळाला तरी मेंटेनन्स भरून जुना भाव ठेवता येत नाही. भट्टीला, धुराड्याला सोसायटी परवानगी देत नाही ते निराळंच. पुनर्विकासाच्या करारात राहणाऱ्यांच्या चौरस फुटांवर महिनोन्महिने घासाघीस होते. तळमजल्यावरच्या खानावळीला तिची चूल परत मिळेल का, हा प्रश्नही त्याच टेबलावर यायला हवा.

जुनी खानावळ गेली की काय जातं, ते गिरगावात दिसतं. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम गेलं; सारस्वत पद्धतीच्या माशांच्या जेवणासाठी लोक दूरदूरहून तिथे यायचे आणि वाढप्यांची बोलणीही खाऊन जायचे. ते बंद झालं त्यानंतर त्या तोडीचं दुसरं उभं राहिलेलं नाही. पण विनय हेल्थ होमची मिसळ आणि पणशीकरांचं पीयूष अजून आहे. आता भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशन झाल्यामुळे उपनगरातल्या माणसालाही हा भाग जवळ आला आहे. मिसळ खाऊन वाड्यांमधून चालत फिरावं. मधल्या खिडक्यांतून घरगुती डब्यांच्या पाट्या दिसतात, त्या नीट वाचाव्यात.

काळबादेवी-भुलेश्वरला व्यापाऱ्यांनी स्वतःसाठी जेवणाची सोय केली. नरोत्तमवाडीतला फ्रेंड्स युनियन जोशी क्लब नावावरून भोजनालय वाटत नाही, पण आत गुजराती थाळी मिळते, आणि फुलके तव्यावरून थेट ताटात. दादी शेठ अग्यारी लेनमधलं श्री ठाकर भोजनालय याच जातीचं. दोन्हीकडे बाकीच्यांपेक्षा थोडे जास्त पैसे पडतात, मात्र वाढण्याला हात आखडता नाही. झवेरी बाजाराच्या बाजूला भगत ताराचंद आहे; १८९५ मध्ये कराचीत सुरू झालेलं हे दुकान फाळणीनंतर इथे आलं. तिथला गरम फुलका, डाळ आणि बाटलीतलं मसाला ताक एवढंच मागवलं तरी पुरतं.

फोर्टमध्ये दुपारी एक ते दोन या तासाभरात जेवढी माणसं जेवतात तेवढी मुंबईत क्वचितच कुठे जेवत असतील. पिथा स्ट्रीटवरच्या डिलक्समध्ये केरळी जेवण आहे, ओणमच्या दिवसांत पानभर सद्या. प्रदीप गोमांतकमध्ये कोर्टातले, बँकांतले लोक माशांचं ताट समोर घेऊन एकमेकांच्या कोपराला कोपर लावून बसतात. सीएसएमटीसमोरच्या पंचम पुरीवालाकडे पुरी आणि बटाट्याची भाजी खाऊन गाडी पकडणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या भागात टेबल वाटून घ्यावं लागतं. जेवून झाल्यावर गप्पा मारत बसू नये, कारण मागे उभ्या असलेल्या माणसाची सुट्टी अर्ध्या तासाची आहे.

इराणी कॅफेंवर आजवर इतकं हळहळून लिहिलं गेलं आहे, की वाचणाऱ्याला ते सगळे संपलेच असं वाटावं. संपलेले नाहीत. याझ्द आणि करमानकडून आलेल्या झरथुष्ट्री कुटुंबांनी उभी केलेली धोबी तलावची क्यानी १९०४ पासूनची आणि फोर्टचं कॅफे मिलिटरी १९३३ पासूनचं. मिलिटरीत जाऊन खिमा-पाव किंवा खिमा घोटाला घ्यावा, वर गार बिअर हवी तर तीही.

फाळणीने दिलेली आणखी दोन ठिकाणं थोडक्यात सांगतो. सायन कोळीवाड्याच्या निर्वासित छावणीत आलेल्या पंजाब्यांनी मुंबईला ती लाल, कुरकुरीत कोळंबी दिली जी आज देशभर ‘कोळीवाडा’ नावाने विकली जाते; ती जीटीबी नगरच्या गल्ल्यांतच खावी. आणि चेंबूर कॅम्पात रविवारी सकाळी विग रिफ्रेशमेंटमध्ये दाल पकवान. सिंधी कुटुंबं लहानथोरांसह तिथे येतात, त्यामुळे उशीर करू नये.

पण या विषयात मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती अजून नाव न झालेल्या खानावळींची. झवेरी बाजारात सोन्याचं बारीक काम करणारे हजारो कारागीर पश्चिम बंगालमधून येतात. त्यांच्यासाठी मागच्या गल्ल्यांत माशांचा झोल आणि भात मिळणारे छोटे मेस आहेत. कलिन्यात ईशान्येकडच्या राज्यांतून शिकायला आणि नोकरीला आलेल्या पोरांची जेवणाची ठिकाणं आहेत, तिथे बांबूच्या कोंबाचा आंबूस वास दारातूनच येतो. जोगेश्वरी-गोरेगावला निखाऱ्यावर लिट्टी भाजली जाते. ही लालबागच्या जुन्या खानावळीची सख्खी भावंडं आहेत. घर सोडून आलेला माणूस, एका खोलीत पाच-सहा जण, आणि कोपऱ्यावर कोणीतरी गावचं जेवण रांधणारं. मराठी माणसाने तिथे परकं जेवण म्हणून नाक मुरडू नये. आपले आजोबा-पणजोबा ज्या बाकड्यावर जेवले तेच हे बाकडं आहे. झवेरी बाजारात दुपारी दोननंतर जावं, कारागिरांची पंगत उठलेली असते आणि वाढणाऱ्याला बोलायला उसंत असते. मोहरीच्या तेलाची सवय नसेल तर आधी डाळ-भात आणि तळलेला मासा मागावा.

दिवाळीच्या दिवसांत यांतल्या बऱ्याच ठिकाणी कुलूप असतं, कारण आचारी आणि वाढपी गावी गेलेले असतात. भाऊबीज झाली, की आठवडाभराने चुली पुन्हा नीट पेटतात. सुट्टे पैसे जवळ ठेवावेत, दोघा-तिघांनीच जावं, आणि पहिल्या दिवशी लालबागला जायचं असेल तर बांगडा मागावा. तेव्हा तो ताजा असतो आणि सुरमईच्या निम्म्या पैशांत येतो.