स्थलदृश्यांच्या छायाचित्रांचीं अनुज्ञापत्रें

गडकोट, घाटवाटा, नदीसंगम व रणभूमि यांच्या छायाचित्रांवांचून स्थलेतिहासाचा ग्रंथ आज पुरा होत नाहीं. जुनें छायाचित्र तर स्वतःच साधन होय. ढासळलेला बुरूज किंवा धरणाखालीं बुडालेलें गांव त्यांत अद्यापि उभें असतें. असें असून, कागदावरील शिक्कामोर्तब बारकाईनें तपासणारे आपण संशोधक छायाचित्र छापण्याची परवानगी मात्र बहुधा तोंडीच घेतों. ग्रंथ कागदापुरता होता तोंवर हें निभावलें. आतां जुने ग्रंथ डिजिटल रूपानें प्रसिद्ध करावयाचे म्हटलें म्हणजे त्या तोंडी परवानगीची व्याप्ति किती हा प्रश्न उभा राहतो. आणि तो न सुटल्यास चित्रांचीं पानें कोरीं ठेवण्याची पाळी येते. यास्तव या विषयाचा उलगडा येथें थोडक्यांत करितों.

प्रथम, वस्तु व हक्क हीं दोन भिन्न समजलीं पाहिजेत. फोटोची प्रत ज्याच्या संग्रहीं आहे तो त्या प्रतीचा मालक. तेवढ्यावरून ती छापण्याचा हक्क त्याजकडे येत नाहीं. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणें हा हक्क मूळांत छायाचित्रकाराचा. परंतु मोबदला देऊन कोणी फोटो काढवून घेतला असेल तर तो काढविणाराचा, आणि नोकरीचें काम म्हणून काढला असेल तर मालकाचा. मात्र दोन्ही ठिकाणीं उलट करार नसावा.

दुसरा प्रश्न मुदतीचा. 1914 च्या हिंदुस्थानच्या कायद्यानें येथें लागू झालेल्या 1911 च्या ब्रिटिश कायद्यांत ही मुदत मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून 50 वर्षें होती. 1957 चा कायदा 21 जानेवारी 1958 रोजीं अमलांत आला, व त्यानें संपलेला हक्क पुन्हा जिवंत केला नाहीं. म्हणून 1907 अखेरपर्यंत येथें काढलेलीं छायाचित्रें या देशांत मुक्त आहेत. मुंबईस 1854 मध्यें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्या काळचीं चित्रें अर्थातच यांत मोडतात. नव्या कायद्यानें मुदत प्रकाशनापासून मोजली. ती 1992 मध्यें 50 ची 60 वर्षें झाली. 2012 पासून ती छायाचित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षें अशी आहे. फोटोच्या पाठीवरील तारीख व तो प्रथम कोठें छापला याची नोंद संग्राहकांनीं कां जपावी, हें यावरून ध्यानीं येईल.

तिसरी व मुख्य बाब व्याप्तीची. इनामाच्या सनदा वाचणारांस ‘हाली पटी व पेस्तर पटी’ हे शब्द परिचित आहेत. चालू पट्ट्यांबरोबर पुढें बसणाऱ्या पट्ट्यांचाहि उल्लेख सनद लिहिणारे आवर्जून करीत. कारण जें लिहिलें नाहीं त्यावरून पुढें तंटा ठेवलेला. छायाचित्राच्या हक्कासहि हाच न्याय लागतो. हक्क कायमचा लिहून देते वेळीं जें माध्यम अस्तित्वांत किंवा व्यापारी प्रचारांत नव्हतें तें, स्पष्ट उल्लेखावांचून, त्या दानांत येत नाहीं, असें 2012 च्या दुरुस्तीनें कलम 18 मध्यें घातलें आहे. नुसती अनुज्ञा असल्यास तीहि लेखी पाहिजे. तींत मुदत नमूद नसल्यास ती 5 वर्षांची, व प्रदेश नमूद नसल्यास भारतापुरती समजली जाते. छापील ग्रंथ पुण्यांत विकला जाईल. पण महाजालावर ठेवलेलें चित्र लंडनांतहि दिसतें, व तें कायम ठेवावें हीच आपली इच्छा असते. मौन राखणारें अनुज्ञापत्र त्या कामीं अपुरें पडतें.

सबब अनुज्ञापत्रांत पुढील गोष्टी स्वच्छ लिहाव्या: स्थळ, दिनांक व निगेटिव्हचा क्रमांक, छपाईकरितां आवृत्ति, प्रतींची संख्या, आकार, आणि चित्र मुखपृष्ठावर कीं आंत, डिजिटल उपयोगाकरितां संकेतस्थळ कीं ई-पुस्तक, चित्राची सूक्ष्मता किती, व वाचकास तें उतरवून घेतां येईल कीं नाहीं, मुदत, प्रदेश व मोबदला, आणि अनुज्ञा एकट्यासच कीं इतरांसहि देतां येण्याजोगी. संशोधनग्रंथास बहुधा दुसरा प्रकार पुरेसा होतो, व छायाचित्रकाराचीहि त्यांत हानि नाहीं.

शेवटीं, छायाचित्रकाराचें नांव चित्राखालीं घालण्यास चुकूं नये. कर्तृत्व सांगण्याचा, आणि आपल्या लौकिकास बाध आणणाऱ्या विकृतीस हरकत घेण्याचा हक्क कलम 57 प्रमाणें, स्वामित्व दुसऱ्यास दिल्यावरहि, कर्त्याकडेच राहतो. तटाशेजारची विजेची तार पुसून टाकलेलें चित्र सुंदर दिसेल, परंतु पुरावा म्हणून तें निकामी होय. मूळ चित्र, अनुज्ञापत्र व त्यांची नोंद हीं एकाच बस्त्यांत ठेवावीं, म्हणजे आपल्यामागून येणाऱ्या संपादकास तें चित्र निर्धास्तपणें छापतां येईल.