व्हिसामुक्त पर्यटन-निवासाची मुदतवाढ

पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश मिळालेल्या परकीय व्यक्तीस, ठरवून दिलेली मुदत संपण्यापूर्वी, त्या देशातच अर्ज केल्यावर आणखी काही काळ राहण्याची जी अनुज्ञा दिली जाते, तिला व्हिसामुक्त निवासाची मुदतवाढ म्हणतात. व्हिसा ही यजमान देशाने प्रवासापूर्वी दिलेली प्रवेशाची संमती होय. व्हिसामाफीमुळे ही पूर्वसंमती तेवढी अनावश्यक ठरते. प्रवेश देण्याचा वा नाकारण्याचा आणि निवासाचा काळ ठरविण्याचा राज्याचा अधिकार मात्र अबाधित राहतो. विमानतळावर किंवा सीमेवरील नाक्यावर आप्रवासन अधिकारी तो वापरतो. साहजिकच मुदतवाढ हा प्रवाशाचा हक्क नसून राज्याच्या स्वेच्छाधिकारातील सवलत आहे.

पर्यटकांमुळे परकीय चलन मिळते, म्हणून राज्ये प्रवेश सुलभ करतात; परंतु पर्यटनाच्या नावाखाली नोकरी, व्यवसाय किंवा कायमची वस्ती होऊ नये यासाठी निवासाला मर्यादाही घालतात. या दोन हेतूंचा मेळ निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या प्रकारे घातला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या व्हिसामाफी योजनेत ९० दिवसांचा निवास मिळतो व त्यास मुदतवाढ नाही. केवळ आजारपणासारख्या आणीबाणीत निर्गमनासाठी ३० दिवसांपर्यंत सूट देता येते. यूरोपातील शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादा असून ती अपवादात्मक परिस्थितीतच शिथिल होते. जपानमध्ये ब्रिटन, जर्मनी, स्वित्झर्लंड इ. काही देशांच्या नागरिकांना सहा महिन्यांपर्यंत राहता येते. तथापि प्रथम ९० दिवसच दिले जातात व पुढील काळासाठी मुदत संपण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. सर्वसाधारण पर्यटकालाही साध्या अर्जाने मुदतवाढ देणाऱ्या देशांचे ठळक उदाहरण म्हणजे थायलंड.

थायलंडमधील पद्धती : थायलंडचा आप्रवासन कायदा १९७९ चा आहे. भारतीय पर्यटकांना तेथे पूर्वी आगमनानंतर मिळणाऱ्या व्हिसावर १५ दिवस राहता येई. १० नोव्हेंबर २०२३ पासून त्यांना ३० दिवसांची तात्पुरती व्हिसामाफी मिळाली आणि १५ जुलै २०२४ पासून भारतासह ९३ देश व प्रदेशांच्या पारपत्रधारकांसाठी ती ६० दिवसांची करण्यात आली. ही मुदत पुन्हा घटविण्याचा विचार २०२५ मध्ये शासकीय पातळीवर सुरू झाला. अशा योजना वारंवार बदलत असल्याने ऐकीव माहितीपेक्षा पारपत्रावरील शिक्क्यात नमूद केलेली तारीखच निर्णायक मानावी लागते. मुदत मोजताना आगमनाचा दिवस पहिला धरतात. १ मार्च रोजी ६० दिवसांसाठी प्रवेश मिळाल्यास अखेरचा दिवस २९ एप्रिल हा येतो, ३० एप्रिल नव्हे.

२०२४ च्या या योजनेत मुदतवाढ साधारणतः ३० दिवसांची मिळे. तीसाठी अर्जदाराने मुदत संपण्यापूर्वी आपण राहत असलेल्या प्रांताच्या आप्रवासन कार्यालयात स्वतः उपस्थित राहून टी. एम. ७ हा अर्ज, पारपत्र व त्याच्या पानांच्या प्रती, छायाचित्र आणि निवासस्थानाचा पुरावा सादर करावयाचा असतो. शुल्क १,९०० बात आहे. परकीय पाहुणा उतरल्याची सूचना २४ तासांत देण्याची जबाबदारी घरमालकावर किंवा हॉटेलचालकावर असते. ती दिली गेली नसल्यास मुदतवाढीच्या वेळी अडचण येऊ शकते. थाई पती, पत्नी वा अपत्य यांच्या भेटीसाठी आलेल्यांस ६० दिवसांपर्यंत वाढ देण्याची निराळी तरतूद आहे. मुदतवाढीने निवासाचा काळ वाढतो, स्वरूप पालटत नाही. पर्यटकाला नोकरी करण्याची मनाई पूर्ववत राहते.

मुदतभंग : मुदत उलटल्यावर राहणे हा कायद्याने गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, २०,००० बातपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. व्यवहारात दररोज ५०० बात व कमाल २०,००० बात अशी आकारणी होते. २० मार्च २०१६ पासून यास पुनःप्रवेशबंदीची जोड मिळाली. ९० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून स्वतः निघून जाणाऱ्यास एक वर्षाची बंदी आहे. हा काळ एका वर्षाहून अधिक असल्यास तीन, तिनाहून अधिक असल्यास पाच व पाचाहून अधिक असल्यास दहा वर्षांची बंदी येते. अटक झाल्यास मात्र एका वर्षाच्या आतील मुदतभंगालाही पाच वर्षांची व त्यापुढे दहा वर्षांची बंदी होते. थोडक्यात, स्वतःहून हजर होणारा व पकडला जाणारा यांत कायदा मोठा भेद करतो.

सीमाफेरी : मुदतवाढीऐवजी शेजारच्या देशात जाऊन लगेच परतायचे व नवा शिक्का मिळवायचा, हा मार्ग अनेकजण अवलंबित. त्यास आळा घालण्यासाठी ३१ डिसेंबर २०१६ पासून भूमार्गाने होणारे व्हिसामुक्त प्रवेश वर्षातून दोनांपुरते मर्यादित करण्यात आले. एकामागून एक शिक्के दिसल्यास अधिकारी प्रवाशाच्या हेतूविषयी विचारणा करू शकतो व प्रवेश नाकारूही शकतो. असा नकार परतीच्या वाटेवर, सामान मुक्कामी असताना मिळण्याचा संभव असल्याने ही वाट मुदतवाढीपेक्षा अधिक जोखमीची ठरते.

असाधारण परिस्थितीत राज्य स्वतःच मुदत वाढविते. कोविड-१९ च्या साथीत विमानवाहतूक थांबली, तेव्हा थायलंडने अडकलेल्या परकीयांना आधी ३१ जुलै २०२० पर्यंत व नंतर २६ सप्टेंबर २०२० पर्यंत दंडाविना राहू दिले. एरवी आजारपण, हरवलेले पारपत्र किंवा रद्द झालेले विमान यांमुळे मुदत आपोआप वाढत नाही. भारतीय वकिलात नवे पारपत्र वा तातडीचे प्रवासपत्र देऊ शकते. निवासाची मुदत वाढविण्याचा अधिकार तिला नाही. तो यजमान राज्याचाच असल्याने अशा प्रसंगीही रुग्णालयाचा दाखला किंवा पोलिसांतील नोंद घेऊन मुदतीच्या आत आप्रवासन कार्यालयात जाणे आवश्यक असते.